कर्ता: पेला

निर्यात विभागात माझं काम पत्रांचं.
पत्रं पेरू देशातून येतात, नळ्या जळगावहून जातात.
‘पेरूले पाइप कसाले?’ आईनं विचारलं होतं,
आणि आठवडाभर तिच्या डोळ्यांपुढे
ठिबकवर लावलेली एक बाग.

रात्री भांडी झाली की स्पॅनिश.
अकराव्या धड्यात एकच वाक्य, खाली चित्र:
फरशी, काचा, आणि दाराकडे बघणारा मुलगा.
से मे कायो एल बासो.
लिहायचं वासो, म्हणायचं बासो. तेवढं सोपं.
पुढचे तीन दिवस मी त्याच वाक्यात.

कायो, पडला. कोण? तर पेला.
क्रियापद पेल्याच्या मागून चालतं,
मुलाकडे ढुंकूनही बघत नाही.
मे ऐकायला मी, पण मी नव्हे. मला.
मला पडला पेला.
हसू आलं. मग आठवलं,
मला स्वप्न पडतं, मला प्रश्न पडतो,
एकदा भर बाजारात मला भूल पडली होती.
पेल्यानंच काय घोडं मारलंय?

राहिला से.
त्याचं काही केल्या भाषांतर होईना.
आई मेथी निवडत होती. ‘शे म्हन ना,’ म्हणाली,
‘शे म्हंजे आहे.’
अमळनेरकडची ती. तिच्यापुरता धडा संपला.

निंबा बडगुजर, वजनकाटे दुरुस्त करून मिळतील.
सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत बेचाळीस वर्षं
अण्णांनी चिमट्यात गुंजभर वजन धरून
श्वास अडवला.
आता पेला आधी बशीवर वाजतो,
मग निघतो तोंडाकडे,
वाटेत दोनदा विचार बदलतो.

आज पोचला नाही.
चहा ओट्याच्या पायऱ्या उतरत गेला.
‘मी फोडला,’ अण्णा म्हणाले.
नीट, पूर्ण वाक्य,
वजनमापाच्या निरीक्षकासमोर म्हणावं तसं.
खरं तर फोडला हेही पेल्याचंच रूप,
पेली असती तर फोडली म्हणाले असते,
पण हे त्यांना कोण सांगणार?
ते वाकून काचा गोळा करत होते,
मोठ्या एकीकडे, बारीक एकीकडे,
जणू कुणाला वजन भरून द्यायचंय.

मी उभी. मनात मे खोडला,
त्याच्या जागी ले लिहिला.
से ले कायो. त्याला पडला.
ले.
समुद्र ओलांडून आलेला, अकराव्या धड्यातला ले,
आणि आमच्या स्वयंपाकघरातला:
माले, तुले, पेरूले.

आई केरसुणी घेऊन आली.
अण्णांचं मनगट धरून त्यांना उठवलं.
‘तुम्ही पाडा नही,’ म्हणाली, ‘पडना तो.’

मग माझ्याकडे न बघताच:
‘बापले दुसरा चहा दे.
अर्धाच भर.’