पश्चिमेची भिंत

बेसाच्या पुढे, काळ्या मातीचा प्लॉट.
उन्हाळ्यात मनगट जाईल एवढी भेग,
पावसात तीच फुगून पाया ढकलते.
धुर्वे मिस्त्री म्हणाले, "आधी हिचं ऐका मॅडम,
मंग नकाशा काढा."

नकाशा पुन्हा काढला.
पश्चिमेला जिना, न्हाणी, अडगळीची खोली;
तापल्या तरी कुरकुर न करणाऱ्या जागा.
चाफलेकाकांना तिकडेच काच हवी होती,
वर्धा रोडच्या शोरूमसारखी, जमिनीपासून छतापर्यंत.
म्हटलं, काका, मे महिन्यात तो तवा होईल,
आणि पोळी आपली भाजेल.
हसले. काच सोडली.

विटेवर मात्र अडून बसले.

ट्रक रिकामा झाला. करड्या, नेटक्या कोरांच्या विटा,
एकीवर एक मारली की खणकन बोलणाऱ्या.
काकांनी एक उचलली, नाकाशी नेली.
"कोराडीची राख हाय न ही?"
एकतीस वर्षं तिथे बॉयलरवर काढलेली.
"डब्यात राख, कानात राख.
हिनं शर्ट धुतला का मोरीत काळं पाणी.
आता राखेतच झोपू काय?"

मला सगळं पाठ होतं:
भट्टीत न भाजलेली वीट,
तीस किलोमीटरच्या आतला माल,
वीट उभी लावली, मध्ये पोकळी ठेवली
की चौथा हिस्सा वाचतो.
आपल्याच कूलरसाठी जळलेल्या कोळशाचं हे उरलेलं,
हेही सांगितलं.
मोरीतल्या पाण्याला यातलं काहीच उत्तर नव्हतं.

मिस्त्रींनी वाद घातला नाही.
छातीएवढ्या दोन भिंती उभ्या केल्या,
एक लाल, भरीव; एक करडी, पोकळ.
पाणी मारलं, वाळू दिल्या.

वीस मे, दुपारचे तीन.
वच्छलाकाकू डोक्याला दुपट्टा बांधून आल्या,
सावलीच्या बाजूनं दोन्हींवर तळवे टेकवले.
डावा लगेच उचलला.
उजवा राहिला. बराच वेळ राहिला.
"माह्या हातानं धुतलेली हाय," म्हणाल्या,
"मले ओळखते ते."

काकांनी एकच अट घातली:
निजायच्या खोलीला आतून चुना, पांढरा, दोन हात.
बाहेरून वीट उघडीच आहे.
गच्चीवर फुटक्या टाइल्सचे पांढरे तुकडे,
पश्चिमेला कडुनिंब, अजून गुडघ्याएवढा.

परवा गेले होते.
संध्याकाळी काका बाहेरून भिंतीवर बोट फिरवत होते,
आणि उजेडात धरून
बोट बघत होते.