सातवं कपाट

पूर ओसरल्यावर शाहूपुरीतल्या आमच्या वाचनालयात
सहाशे पुस्तकं पंख्याखाली उभी केली होती,
पानं पिंजारलेली, भिजल्या कोंबड्यांसारखी.
लेबलं वाहून गेलेली.
जिथं होती तिथं खळीचा पिवळा चौकोन.
चिटणीस म्हणाले, सोमवारपर्यंत परत चिकटवा,
सामाजिक, ऐतिहासिक, रहस्य, विज्ञान,
नाहीतर सभासद गोंधळतात.

मी चिठ्ठ्या कापत बसले.
बाकीची हाताला ओळखीची.
एक मात्र हातातच राहिलं.
पहिली सोळा पानं नाहीत, म्हणजे नाव नाही, लेखक नाही.
गोष्ट सुरू होते ती वाक्याच्या मधूनच:
‘…आणि दुसरा सूर्य मावळेपर्यंत तिनं पट्टीवरची नजर काढली नाही.’

कुठल्यातरी ग्रहावर एक बाई.
तिची नोकरी पाणी मोजायची.
पाणी तीनशे वर्षांत आलेलं नाही,
तरी रोज वहीत आकडा: शून्य. खाली सही.

जिनगोंडा नेजे रोज पेपर वाचायला येतात.
सातव्या कपाटाकडं कधी फिरकले नाहीत.
‘इज्ञान नको बाई, दहावीला त्यानंच गाडी अडवली.’
या खेपेला कण्यावर काही नव्हतं.
भडंगाच्या पिशवीत घालून घेऊन गेले.

चौथ्या दिवशी खुर्ची ओढून समोरच बसले.
‘लिवणारा आमच्या पाटबंधारे खात्यातला हाय का वो?
राजाराम बंधाऱ्यावर रात्रपाळीला असंच.
पाणी चढताना आवाज करत न्हाई.
बॅटरी मारायची, आकडा बघायचा, फोन लावायचा.
लोक म्हणायचे, नेजे, उगं भ्या घालताय.’
मी म्हटलं, पण यात दोन सूर्य आहेत.
‘असतील की. आमाला दोन साहेब हुते.’

हसले मी. आणि लगेच वाटलं,
मग नकोतच या चिठ्ठ्या, झालं.

पण वृषालीची आठवण निघाली.
कॉलेजात मराठी शिकवते ती, राजारामपुरीत राहते.
पुरापूर्वी हेच पुस्तक तिला दिलं होतं,
तेव्हा परत करताना म्हणाली,
‘ही विज्ञानकथा नव्हे गं, ही चांगली आहे.’
माझा चहा समोर निवला.
तिला काय सांगणार.

सहावीत होते मी. हीच खोली.
कपाटावर कुणीतरी खडूनं लिहिलेलं: विज्ञानकथा,
‘ज्ञ’ जरा वाकडा.
तिथं कुणी यायचं नाही.
डांबरगोळ्यांचा वास, एक मोडका स्टूल, आणि मी.
तो वाकडा शब्द नसता
तर मला कळलंच नसतं
की ‘असं झालं तर?’ म्हणणाऱ्यांना
बसायला एक जागा आहे,
आणि घरी कुणी रागावत नाही
कारण नावात विज्ञान आहे.

आता प्रत्येक पानावर पुराची रेघ.
वर कागद पांढरा, खाली चहाच्या रंगाचा.
पान कुठलंही काढा,
निम्म्यावर आलं की पाण्यात उतरावं लागतं.
याला कोणती चिठ्ठी? कापलेल्यांत नव्हती.

सोमवारी यादी द्यायची होती.
ओळ चारशे बारा.
नावाच्या रकान्यात: नाही.
लेखक: नाही.
प्रकार:
बाकी सगळं पेनानं लिहिलं होतं.
इथं पेन्सिल घेतली. विज्ञान.
फार दाबून नाही.

नेजे मागं उभे होते. वाकून वाचलं.
‘मंग मी बत्तीस वर्सं इज्ञान करत हुतो व्हय?’
आणि उत्तराची वाट न बघता,
‘ते ऱ्हाऊ दे. शेवटी पाणी येतंय का त्येवढं सांगा.
मागची पानं पार चिकटल्यात.’

मला आठवेना.
एकदा नाही, चारदा वाचलंय, तरी आठवेना.
त्यांनी खिशातून दाढीचं पातं काढलं,
कागदात गुंडाळलेलं,
आणि खिडकीशी बसून
एकेक पान सोडवायला लागले,
आमच्याकडचं पाणी आत घुसून
जिथं घट्ट वाळलं होतं तिथं.