दोन नंबर

सुकीच्या फरशीवर तो परत अडखळला.
धक, धक, आणि मधे काहीच नाही.
अंधारात जिना उतरताना
पायरी आधीच संपलेली असावी
तसा.
मागे ट्रॉलीत दीडशे घड, पाल्यावर निजवलेले.
फाट्यावर ट्रक ताडपत्री सोडून उभा.
पुढे चढ होता. मी निंबाखाली घेतला.

हेमराज म्हणाला, पंप गेला, वहिनी.
मीच त्याला आठवडाभर सांगत होते, पंप गेला.
भुसावळला चौदा हजार सांगतात पंपाचे.
"त्यापेक्षा भंगारात घाल,"
तो म्हणाला, आणि सासऱ्यांनी त्र्याऐंशी साली आणलेल्या बॉनेटवर
चहाचा ग्लास ठेवला.

नबी पिंजारी चिनावलहून आला,
सायकलीच्या दांडीला पान्यांची पिशवी.
"चालू करा." आणि पुढे काहीच केलं नाही.
उभा राहिला नुसता, डोळे मिटून.
धूर पांढरट, कच्चा, नाकात झोंबणारा.

त्याचा बाप आमच्या गल्लीत गाद्या भरायचा.
तात वाजायची टंव्, टंव्,
आणि नुसत्या आवाजावरून म्हातारा सांगायचा,
या मुठीत सरकी राहिली आहे, काढा.
नबीनं धनुकली कधी हातात धरली नाही.
कान तेवढा घरातून उचलला.

फिल्टर खोलला. पाणी नाही.
हवा काढली. बुडबुडे संपले, खोड संपली नाही.
मग सतराचा पाना.
एक नंबरची नळी सैल केली,
इंजिन गुडघ्यावर आलं.
"हा काम करून राहिला."
आवळली.
तीन नंबर. परत तेच, सगळा ट्रॅक्टर हादरला.
"हा बी."
दोन नंबर सैल केली.
डिझेल उडालं त्याच्या बाहीवर,
आणि इंजिनाला पत्ताच नाही.
चालत होतं तसंच चालत राहिलं.
घरात असतो असा एखादा.
पंगतीला बसतो, ताट घेतो,
उठून गेला तरी
कुणी विचारत नाही कुठे गेला.

"डिझेल तर येऊन राहिलं. पंपाला नावं नका ठेवू."
दोनचा नोझल तीनला लावला, तीनचा दोनला.
खोड जागची हलली नाही.
तेव्हा त्यानं पिशवीतला एक जुना स्पोक वाकवला,
बॅटरी दातांत धरली
आणि त्या भोकात कोरत राहिला,
झोपलेल्या पोराचा कान कोरावा तसा, जपून.

निघाली ती तांब्याची चकती.
काळी पडलेली, रुपयाहून लहान.
नवी चकती नोझलबरोबर वर आली होती,
ही तिच्याखाली राहिलेली.
तांदळाएवढा उंच बसला होता नोझल,
आणि तेवढ्या फटीतून
सगळा दाब निसटत होता.

होळीच्या आदल्या दिवशी तो नोझल मी बसवला होता.
एकटीनं, कुणाचा हात लागू न देता.
जुनी चकती निघाली की नाही
एवढं वाकून बघितलं नव्हतं.

नबीनं माझ्याकडे बघितलं नाही.
"काय निघालं?" हेमराज.
"काजळी. जुनं इंजिन आहे, साचते."
चकती मुठीत गेली, मूठ खिशात.

नवी एकच चकती घालून त्यानं आवळलं.
मी किल्ली फिरवली.
धक धक धक धक,
बॉनेटवरच्या ग्लासातला उरलेला चहा
एकसारखा थरथरायला लागला.
पाचशे घेतले नबीनं. सायकल रस्त्याला लागली.

आणि मी सीटवरून ओरडले,
"हेमराज, ती चकती माझी होती!
पंपाचं काही नव्हतं!"
त्यानं कानाला हात लावला. काय?
मी परत ओरडले.
त्यानं हसून हात हलवला, जा, जा,
ट्रकवाला थांबला आहे.

तिन्ही नंबर चालू होते. कसं ऐकू येणार?
मी गिअर टाकला.
घड उतरवून येते,
मग सांगते.
इंजिन बंद करून.