मेन खाली

"वायरमन आली!" गल्लीतलं पोर ओरडलं.
वायरमन, आणि आली.
पहिल्या वर्षी या व्याकरणाचा
कुंभार गल्लीला ठसका लागायचा.

भिंतीवर पाण्याची रेघ, माझ्या खांद्याइतकी.
रेघेखाली सात बोर्ड.
सॉकेटच्या भोकांतून अजून
पंचगंगा ठिबकतीय.
डीपीवरून लाईट सांजच्याला सोडणार म्हणतात,
त्याच्या आत बत्तीस घरांचे मेन
खाली पाहिजेत.

पाणी चढलं त्या रात्री
बंधाऱ्यावर ते फूट मोजत होते, आम्ही पायऱ्या.
मी ओरडत फिरले: आधी मेन पाडा,
मग सामान उचला.
चौथ्या घरातला जनार्दन म्हणाला, लाईट तर गेलीय की.
लाईट गेली होती.
फ्रिजमागच्या बोर्डात इन्व्हर्टर जागा होता.
गुडघाभर पाण्यात त्यानं फ्रिजला मिठी घातली,
पाच हप्ते राहिले होते.
फ्रिज आता दारात आडवा पडलाय,
आत एक लिंबू.

हौसाक्काचा मेन त्या रात्रीपासून खालीच. शहाणी बाई.
बेचाळीस गणपती होते तिच्याकडं,
माळ्यावरचे तीन राहिले.
बाकीचे शाडूचे, शाडूत गेले.
ती रडत नाही. म्हणते,
पोरी, फॅन तेवढा लाव.
ओल धरलीय तिघांनी,
चतुर्थीला अकरा दिवस.

आज नाही, आक्का.
"वाळलाय की बोर्ड! हात फिरवून बघ."
मी हात फिरवत नाही.
तुमचं मडकं वरनं सुकतं,
आत ओल राहिली तर भट्टीत काय होतं?
ती गप्प.
गप्प बसून तिनं देवापुढं उदबत्ती काढली,
आणि काडेपेटी,
आणि तेव्हाच मला वास आला
चिखलाखालून, सडक्या कांद्यासारखा.

काडी ओढायच्या आत मनगट धरलं.
जोरात धरलं. एक बांगडी पिचली.
शेगडीमागं सिलिंडर आडवा, नळी सुटलेली,
तीन दिवस तरंगून
भिंतीला डोकं आपटून दमलेला.
रेग्युलेटर बंद. टोपी घट्ट.
दार सताड, खिडक्या सताड.
अंधारच होता, पण टॉर्च लावला नाही.
हा वास वर जात नाही, आक्का,
खाली बसतो, गाळासारखा.
आपणच बाहेर बसायचं.

बसलो. उंबऱ्यावर नव्हे, पार रस्त्यापलीकडं.
तिघा गणपतींना खुर्च्या दिल्या.
ऊन आलं तसं गेलं.
हौसाक्का पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली,
मधल्याला जरा जास्त,
त्याचा कान सुटत होता.

वास विरल्यावर मी खडू काढला.
ओल्या भिंतीवर उमटेना.
मग तिनंच डबी दिली,
पितांबराच्या काठासाठी राखलेला लाल.
दाराबाहेर, मेनच्या शेजारी मी लिहिलं:
हात लावू नका.
ती लांबून बघत होती. उठली,
ब्रश घेतला,
माझा वाकडा 'ह' सरळ केला
आणि म्हणाली, चल.
जनार्दनाच्या भिंतीवर मी लिहिते.