बेकारांना प्रवेश मोफत

मंगळवारी म्युझियममध्ये गर्दी नसते.
खिडकीतल्या बाईला मी बेकारीचं कार्ड दाखवते,
ती तिकीट फाडून देते: शून्य युरो, शून्य सेंट.
शून्याचीसुद्धा पावती मिळते आमच्याकडे.

थेस्सालोनिकीचा हिवाळा ओला, हाडांत शिरणारा.
आमच्या इमारतीचा सामायिक बॉयलर बंद आहे,
तेलाची वर्गणी तीन घरांनी दिली नाही म्हणून.
त्या तिघांत आम्ही आहोत.
इथे मात्र दगडांसाठी एकवीस अंश राखतात.
म्हणून येते.
संस्कृतीबिंस्कृती नंतर.

घरी माझी खोली अजून बारा वर्षांच्या मुलीची आहे.
पलंग आखूड. छतावर अंधारात चमकणारे तारे,
बाबांनी शिडीवर चढून चिकटवलेले,
मी बोट दाखवीन तिथे.
आता ते दर सोमवारी
माझ्या कोटाच्या खिशात वीस युरो ठेवतात
आणि मला ते सापडतात.
"अय्या, खिशातच राहिले होते!"
"बघ," ते म्हणतात, "नीट तपासत जा खिसे."
मध्ये पेन्शन कापली गेली.
विसाचे दहा झाले.
खेळाचे नियम तेच.

सध्या काय करतेस?
बेकरीत, जिन्यात,
मावशीच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेत,
मेणबत्ती हातात धरून कुणीतरी हळूच: सध्या काय?
या 'सध्या'चं वय आता चार वर्षं सात महिने.
चालायला लागलं, बोलायला लागलं,
पुढच्या वर्षी त्याला शाळेत घालावं लागेल.

मी पूल बांधायला शिकले.
मग उंबरठे झिजवले.
कॉफीच्या दुकानातली मुलगी म्हणाली,
अर्जात डिग्री लिहू नकोस, मालक घाबरतो.
लिहिली नाही.
मालक म्हणाला, मग एवढी वर्षं केलंस काय?

थ्रासोस श्टुटगार्टला गेला.
गोदामातल्या कपाटाचा फोटो पाठवला,
नटबोल्ट आकारानुसार लावलेले, सुंदर, चकचकीत.
त्यानं 'ये' म्हटलं नाही,
मी 'येऊ का' विचारलं नाही.
या शून्याची पावती
अजून कुणी दिलेली नाही.

तिसऱ्या दालनात, भिंतीपासून जरा सुटा,
एका माणसाच्या थडग्याचा दगड आहे.
वर दोन खेचरं कोरलेली, एकाचा कान तुटका.
खाली लिहिलंय: इथे झोपलाय
मग दगडाचा टवका उडालेला
मग: खेचरं हाकणारा, चौतीस वर्षं जगला.
नाव गेलं.
धंदा शाबूत आहे.

माझं उलटं.
इव्हान्थिया, पाच अर्ज, पन्नास अर्ज, पाचशे,
प्रत्येकावर ठसठशीत, एकही अक्षर न उडालेली.
आणि पुढची ओळ
गुळगुळीत दगड.

दालनाची पहारेकरीण आर्गिरो
दर मंगळवारी मान हलवते, तेवढीच ओळख.
आज म्हणाली, "बस की. कंबर धरलीय माझी,
मी जरा फिरून येते."
आणि जाता जाता:
"एकतीसला कंत्राट संपतंय.
मग मीही मोफत येईन तुझ्यासारखी.
फक्त खुर्ची नसेल."

मी तिच्या खुर्चीत बसले.
लाकूड अजून ऊबदार होतं.
शाळेची सहल आली, ओले बूट, संत्र्यांचा वास,
त्यातला एक पोरगा थेट माझ्याकडे आला,
दोन पायांत चुळबुळत:
"मॅडम, टॉयलेट?"

"सरळ जा. सिंह लागेल. तिथून डावीकडे.
आणि पळू नकोस, फरशी ओली आहे."

आवाज कुठून आला कोण जाणे,
इतका ठाम.
पोरगा माझं ऐकून चालत गेला,
सिंहापाशी थांबला,
वळून माझ्याकडे पाहिलं.

मी हात केला: डावीकडे.