हवेला वाट

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावर एक खोली,
तिथं आम्ही तिघं मिळून एक गेम करतोय.
तौफिक कोड लिहितो, ऋग्वेदा पाणी काढते,
मी माणसांच्या तोंडी बोलणं घालतो.
खालचं मशीन सुरू झालं
की पडद्यावरची नाव खरंच हलते.

नावाडी बाप्या घ्यायचा की बाई, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं.
तौफिक म्हणाला, मग सगळी वाक्यं दोनदा.
मी म्हटलं, कशाला? आमच्या पेठेत बायकाही
'मी जातो', 'मी आलो'च म्हणतात.
मी स्वतः तरी काय म्हणतो आईला? येतो गं.
एका वाक्यात दोघं बसले.
अकराशे ओळी वाचल्या. त्या दिवशीची मिसळ तौफिककडून.

ओळी वाचल्या तरी वाटा वाचत नाहीत.
एका प्रश्नाला तीन उत्तरं, तिन्हींना पुन्हा तीन,
भिंतीवरच्या चिठ्ठ्या पंख्यानं उडतात
आणि एखादं मरण कपाटाखाली जाऊन बसतं.
मी लिहिलेलं एक लग्न आहे,
तिथवर बहुतेक कुणीच पोचणार नाही.
त्यात आहेराची यादीसुद्धा दिली आहे मी.

रविवारी आबांच्या हातात कंट्रोलर दिला.
एकतीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न घडवणारे हात,
सागवानातला अर्धा मिलिमीटर बोटानं ओळखणारे,
बटणांवर पाहुण्यासारखे अवघडून बसले.

रात्र. पंचगंगा उसात शिरलेली.
दोन घरांवरून दोन बॅटऱ्या हलतायत,
डिझेल एकाच फेरीचं.
डावीकडं. उजवीकडं. माघारी.
वर पिवळी पट्टी आखडत येते, दहा सेकंदांची.

आबा म्हणाले, पाणी चढतंय का उतरतंय?
ते नाही यात.
डावीकडच्या घराला स्लॅब हाय का पत्रा?
आबा, बटण दाबा.
जनावरांची दावी कापलीत का?
पट्टी संपली.
गेमनं त्यांच्या वतीनं नाव माघारी वळवली
आणि पडद्यावर आलं माझंच वाक्य:
'तू काहीच केलं नाहीस.'

ते त्या वाक्याकडं बराच वेळ बघत राहिले.
त्या साली ते आंबेवाडीकडं नाव घेऊन गेले होते,
एवढं आईकडून माहीत आहे.
किती फेऱ्या, कुणाकडं आधी,
हे आमच्या घरात कुणी विचारलेलं नाही.

मग चष्मा पुसत म्हणाले,
साच्यात रस कुठनं जायचा ते आपणच कोरतो,
त्याला कोण विचारतंय.
पण हवेला वाट ठेवायची असते, पोरी.
नाही ठेवली तर वरनं चकचकीत दिसतं
आणि लेथवर चढवलं की आत भोकं.

त्या रात्री मी चौथं बटण लिहिलं: विचार.
दाबलं की नावेतून हाक जाते,
पलीकडून उत्तर येतं, अर्धं वाऱ्यात,
पट्टी मात्र थांबत नाही.
काम दोन महिन्यांनी वाढलं. तौफिकनं डोकं धरलं.
ऋग्वेदाला विजेच्या खांबावर
पाण्याची एक ओली खूण काढावी लागली.

आता पहिले चारशे जण खेळून झालेत.
बहुतेकांनी दीड सेकंदात डावीकडं दाबलंय.
डावीकडंच का, कुणास ठाऊक. अंगठा तिथं असतो.
चौथं बटण एकोणीस जणांनी.

आणि इचलकरंजीत कुणीतरी
तिथंच खेळ थांबवून ठेवलाय, तीन दिवस झाले.
नाव मधोमध, दोन्ही बॅटऱ्या पेटलेल्या.
कंटाळला असेल. पाळीवर गेला असेल.
तौफिक म्हणतो, हा आकडा गणतीतून काढू.
मी म्हटलं, असू दे.