अदलाबदल

आटपाडीच्या बाजार समितीमागं
फक्कीनं आखलेलं एक वर्तुळ,
कुस्तीच्या हौद्याहून थोडं मोठं.
आत आम्ही अकरा पोरं, अकरा शेळ्या,
आमच्या गळ्यात पुठ्ठ्याचे आकडे.
माझा सात. डाळिंबीनं त्याचा कोपरा
नाव पुकारायच्या आधीच खाल्ला होता.

दोन महिने मी तिला चालायला शिकवत होते
टेंभूच्या कालव्याच्या भरावावरून:
दोरी ढिली, मान वर, थांब म्हटलं की थांब.
मागचे पाय जरा लांब, पाठ अशी
की वर ताकाची वाटी ठेवावी
आणि ताक हिंदकळू नये.
आण्णा म्हणायचे, "शेळीला उभं राहायला शिकवतीस?
ती काय लग्नाला उभी हाय?"
आणि रात्री तेच
बॅटरी दातात धरून
तिची खुरं तासत बसायचे.

काल शिकेकाई. शिंगांना खोबरेल.
थंडीनं ती इतकी कापली
की आईनं माझा शाळेचा स्वेटर तिला घातला.
सकाळी तोच मी घातला.
त्यामुळे आज आम्ही दोघी
एकाच वासाच्या.

परीक्षक बाई शिरवळहून आलेल्या,
बूट गुडघ्यापर्यंत, बोलणं कमी.
ओठ उचलून दात बघितले. "दोन दाती?"
हो, म्हटलं.
बरगड्यांवर पंजा फिरवला, कास चाचपली.
"खायला काय?"
शेवरी, बाभळीच्या शेंगा, मूठभर पेंड,
आणि हा आकडा.
बाई हसल्या नाहीत.
वहीत काहीतरी टिपलं.

आम्ही चौघं उरलो तेव्हा म्हणाल्या,
"आता अदलाबदल करा.
शेजारच्याची शेळी घ्या."

हे कुणी सांगितलंच नव्हतं.

विट्याचा अरमान मुलाणी. आकडा आठ.
त्याची आफ्रिकन बोअर, अंग पांढरं, डोकं विटकरी,
मान माझ्या कमरेएवढी.
दोर हातात आला आणि लक्षात आलं,
नाव विचारायचं राहिलं.
मी तिला ये म्हटलं, अगं म्हटलं, बाई म्हटलं.
तिनं मला फक्कीच्या रेघेबाहेर नेलं,
जशी काही हद्द मोजायला निघालीय.

आणि पलीकडं डाळिंबी.
मान वर. मागचे पाय जरा लांब.
माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.
अरमान तिच्या कानाशी वाकून
काहीतरी पुटपुटत होता
आणि ती ऐकत होती,
कालव्यावर माझं कधी ऐकलं नाही
इतकं मन लावून.
पोटात बाभळीचा काटा मोडला.
सगळं मीच तर शिकवलं होतं.
तरी मोडला.

पहिला अरमान. स्टीलची बादली, हार.
मला तिसरा नंबर, क्षारवीट:
गुलाबी, साबणासारखी,
जिलेटिनच्या कागदात.

टेम्पोत शेळ्या चढवताना मी विचारलंच,
"काय म्हणालास तिच्या कानात?"
तो कानशिलापर्यंत लाल.
"काय न्हाई. सतराचा पाढा.
भ्या वाटलं की म्हनतो मी."

दिघंची येईपर्यंत डाळिंबीनं
बक्षिसाचा कागद फाडून
वीट चाटायला घेतली होती.
पुढं आण्णा ड्रायव्हरला सांगत होते,
"अकरातनं तिसरी म्हंजी काय!"
तिसऱ्यांदा सांगत होते.

मी तिच्या कानाशी वाकले.
सतरा एके सतरा.
सतरा दुणे चौतीस.
सतरा त्रिक एक्कावन्न.
चोक किती, आठवेना.

तिनं कान झटकला,
चाटणं सोडलं,
आणि वाट बघत थांबली.